तीन नंबरच्या पंपाचा चार्ज

खात्यात त्यांना सगळे बिनचूक काका म्हणत. हे नाव कुणीतरी थट्टेने ठेवलं असेल, पण त्यातली थट्टा पहिल्या वर्षभरातच झिजून गेली होती. पाणीपुरवठ्याच्या पंपहाऊसमध्ये काकांची चौतीस वर्षं गेली होती, त्यातली शेवटची बावीस इन-चार्ज म्हणून. दाब दाखवणाऱ्या गेजचा काटा चार पूर्णांक दोन आणि चार पूर्णांक तीनच्या मधे थरथरत असला, तर बाकीचे लोक ‘चार’ लिहून मोकळे होत. काका काटा थांबेपर्यंत उभे राहत, आणि तो नाहीच थांबला तर ‘४.२ ते ४.३, काटा अस्वस्थ’ अशी नोंद करत. बेअरिंग तापलंय का हे ते हाताच्या पालथ्या बाजूने बघत, कारण तळव्याला सवय होते आणि मग तो खोटं बोलतो, असं त्यांचं म्हणणं. घरीसुद्धा हीच तऱ्हा. काकू म्हणाल्या, "अहो, दूध उतू गेलं," की काका आतून विचारत, "किती?"

"सगळं!" काकू म्हणत. सगळं गेलेलं नसे, पण काकूंना दशांशात बोलता येत नसे.

अशा माणसाने बावीस वर्षं रोज एक खोटी नोंद केली. एकच, आणि रोज तीच.

हे कसं झालं ते समजायला त्या खात्यात ‘चार्ज’ या शब्दाचं वजन काय होतं ते आधी सांगायला हवं. शब्द इंग्रजी, पण तिथे तो इतका मुरला होता की त्याला कुणी परका म्हटलं असतं तर हाणामारी झाली असती. माणूस तिथे नोकरीला लागत नसे, तो चार्ज घेत असे. सुट्टीवर जात नसे, चार्ज देऊन जात असे. ज्याच्याकडे दोन जागा त्याच्याकडे अ‍ॅडिशनल चार्ज, आणि तो दोन्ही जागी सापडत नसे. दिवसभर खुर्चीत झोपणारा डोळे चोळत सांगे, "मला अजून चार्ज मिळालेला नाही," आणि मिळाला की दुसऱ्या दिवसापासून कपाळाला हात लावून म्हणे, "चार्ज घेतला आणि फसलो!" हेडक्लार्कच्या आईने म्हातारपणी भांड्याच्या कपाटाची किल्ली सुनेच्या हाती दिली, तेव्हा तो ऑफिसात सांगत आला, "आजपासून आमच्याकडे चार्ज बदलला." किल्ली, वही आणि सही एका हातातून दुसऱ्या हातात गेली की चार्ज गेला. एकाने सोडलाय आणि दुसऱ्याने अजून धरलेला नाही, असा एखादा क्षणही असू शकतो, ही कल्पनाच खात्याला सोसत नसे. नियमांच्या जाड पुस्तकातला एकच नियम शिपायापासून साहेबांपर्यंत सगळ्यांना पाठ होता: चार्ज दिल्याशिवाय जागा सोडू नये.

आता पंपांकडे येऊ. पंपहाऊसमध्ये चार पंप होते. एक आणि दोन आळीपाळीने चालत, चार नंबर पाण्याची मागणी वाढली की लागे, आणि तीन नंबर स्टँडबाय. म्हणजे बाकीच्यांपैकी कुणी अंथरूण धरलं तर यानं उभं राहायचं.

पण तीन नंबरचा फक्त पाया होता. गुडघ्याइतका उंच काँक्रीटचा चौथरा, त्यातून वर आलेले चार बोल्ट, बाजूला दोन पाइप, तोंडावर लोखंडी झाकणं आवळून बंद केलेले, आणि भिंतीवर एक गेज, काटा शून्यावर. पंप नव्हता. मोटरही नव्हती.

बावीस वर्षांपूर्वी दुसऱ्या एका पंपहाऊसची अडचण भागवायला तीन नंबर ट्रकवर चढवून नेला होता. कागद नाही, काही नाही. ‘सोमवारी परत येईल’ असं तोंडी सांगून. तेव्हाचे इन-चार्ज, ज्यांना सगळे थोरले म्हणत, त्याच शुक्रवारी निवृत्त होत होते. पाचला पाच मिनिटं असताना त्यांनी यादी काकांपुढे धरली. बाहेर निरोपाच्या चहाचे कप वाजत होते.

"थोरले, ते तीन नंबरचं..."

"अरे, सोमवारी येतोय तो. सही कर बाबा, माझा चहा निवतोय."

काकांनी सही केली. सोमवार आला. त्यानंतर आणखी अकराशे सत्तेचाळीस सोमवार आले. काकांनी मोजले होते. पंप आला नाही. ज्या पंपहाऊसने तो नेला होता ते पुढे पाडलं आणि तिथे बाग झाली.

पहिल्या आठवड्यातच बोलायला हवं होतं. पण ‘पंप नाही’ म्हटल्यावर समोरून पहिला प्रश्न आला असता, ‘मग सही कशी केलीत?’ धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय. दुसऱ्या आठवड्यात तो प्रश्न थोडा मोठा झाला, आणि वर्ष संपेपर्यंत पंपापेक्षा मोठा. मग काकांनी वहीत लिहायला एक वाक्य तयार केलं: ‘पंप क्र. ३: स्टँडबाय. आवाज नाही. कंपन नाही. गळती नाही.’ शब्द सुटे सुटे घेतले तर पहिला सोडून बाकी सगळे खरे होते, आणि काकांना त्याचाच जास्त त्रास होई.

खात्याला मात्र तीन नंबरचं भारी कौतुक. एकदा रंगारी चार पंपांचा रंग घेऊन आले, तीन पंप रंगवले, आणि उरलेल्या रंगात चौथरा निळा करून त्यावर पांढरा ठसठशीत ‘३’ काढून गेले. सफाईवाल्या मावशी रोज चारही बोल्ट पुसत. दर महिन्याला तीन नंबरसाठी दोन लिटर तेल येई, आणि काका ‘आवश्यकता भासली नाही’ असा शेरा मारून ते परत पाठवत. लागोपाठ सात वर्षं एक थेंब तेल न खाता, एकदाही न कुरकुरता उभा असलेला पंप बघून वरच्या कार्यालयाचा ऊर भरून आला आणि त्यांनी पंपहाऊसला उत्तम देखभालीची ढाल दिली. मोठ्या साहेबांनी स्वतःच्या हाताने ती काकांना दिली, फोटो काढला, टाळ्या वाजल्या. घरी आल्यावर काकांनी ढाल पलंगाखाली सारली. तोंड भिंतीकडे करून.

"आजारी माणसाला झोपवल्यासारखी काय ठेवताय?" काकू म्हणाल्या.

"राहू दे," काका म्हणाले. "तिला उजेड सोसत नाही."

काकूंना सगळं ठाऊक होतं, कारण काका झोपेत बोलत आणि झोपेत ते जास्तच नेमकं बोलत. पंपहाऊसला चिकटूनच इन-चार्जचं क्वार्टर होतं. काकू तिथे बावीस वर्षं राहिल्या. दोन खोल्या, एक खिडकी, आणि तीही पंपाकडे उघडणारी. शहराच्या दुसऱ्या टोकाला त्यांनी दोन खोल्यांचं घर घेतलं होतं, आणि त्याला तीन खिडक्या होत्या. काकांची निवृत्ती एकतीस तारखेला. ट्रक एक तारखेला सकाळी आठला. भांडी आठवडाभर आधीच पोत्यांत गेली होती. जेवायला दोन ताटं आणि एक पातेलं तेवढं बाहेर.

"एक सांगून ठेवते," काकू म्हणाल्या. "तुम्ही चार्ज द्या, नाहीतर देऊ नका. मी आठच्या ट्रकने जाणार. तुम्ही आलात तर पुढे तिघं बसू. नाही आलात तर मी पाय पसरून बसेन."

काका हसले. पण त्यांना माहीत होतं, की काकू अशा गोष्टी गंमत म्हणून बोलत नाहीत. आणि हेही माहीत होतं, की चार्ज कुणी घेतला नाही, तर त्यांना स्वतःला जागा सोडता येणार नाही. नुसत्या नियमाने नव्हे, स्वभावानेही.

एकवीस तारखेला चार्ज घ्यायला नव्या मॅडम आल्या. वय सव्वीस-सत्तावीस, खिशात स्वतःची मेजरिंग टेप, आणि डोळे असे की समोरचा आपोआप शर्टाची बटणं तपासून बघे. चार्जची यादी एकसष्ट वस्तूंची. मॅडमनी ती शेवटून सुरू केली.

"शेवटून का?" काकांनी विचारलं.

"सगळे पहिल्यापासून तपासतात आणि शेवटी दमतात. म्हणून जे काही लपवायचं ते शेवटी असतं, असं आमचे सर सांगायचे."

काकांना ही मुलगी एकदम आवडली. पण पंप यादीत सगळ्यात वर होते, म्हणजे लपवलेलं तिला शेवटीच भेटणार होतं.

चार दिवस दोघं यादीत रमले. नट आवळायचे पाने मोजले, व्हॉल्व्ह उघडून मिटून बघितले, शिडीच्या पायऱ्या मोजल्या, बादलीचं भोक यादीत ‘भोकासह’ असं नोंदलेलं बघून मॅडम मनापासून हसल्या.

"काका, असा चार्ज मी आयुष्यात घेतलेला नाही!"

"आधी किती घेतलेत?"

"हा पहिलाच."

पंचवीस तारखेला दुपारी चार नंबरचा पंप तपासून झाला. मॅडमनी त्यावर बरोबरची खूण केली आणि मान वर केली.

"आता तीन नंबर."

काका निळ्या चौथऱ्याकडे बघत उभे राहिले.

"कुठे आहे?"

"स्टँडबाय आहे."

"हो, पण कुठे?"

काकांच्या कपाळावर घाम आला. पंख्याखाली. "सोमवारी येणार आहे," त्यांच्या तोंडून निघून गेलं.

"कुठल्या सोमवारी?"

आणि मग बावीस वर्षांत पहिल्यांदा काकांनी जागेपणी सगळं सांगितलं. थोरल्यांचा चहा, ट्रक, बाग, तेल, ढाल, सगळं. मॅडम ऐकता ऐकता चौथऱ्याच्या कडेवर बसल्या. मधे एकदा त्यांनी टेप काढून दोन बोल्टांमधलं अंतर मोजलं, बहुतेक हाताला काहीतरी खरं हवं होतं म्हणून.

"काका, मला तुमची फजिती करायची नाहीये. पण मी आज सही केली, तर तीस वर्षांनी कुणीतरी पोरगी इथे उभी राहून मला विचारेल, आणि मी म्हणेन सोमवारी येणार आहे. बाकीच्या साठ वस्तूंवर सही करते. हिच्यावर नाही."

"चार्ज अर्धा देता येत नाही हो, मॅडम."

"आणि नसलेला घेता येत नाही."

दोघांचंही बरोबर होतं, आणि म्हणूनच घोडं अडलं.

दोघं मोठ्या साहेबांकडे गेले. साहेबांनी ऐकून घेतलं, पण आधी त्यांना नीटसं समजलं नाही.

"पंप नाही म्हणजे? चोरीला गेला?"

"नाही साहेब. मी घेतला तेव्हापासूनच नाहीये."

"मग ढाल आपण कुणाला दिली?"

हेडक्लार्क खोकला. साहेबांच्या डोक्यामागे भिंतीवर तोच फोटो होता. साहेबांनी मागे वळून बघितलं, पुन्हा पुढे बघितलं, आणि आवाज खाली आणला. "पंप नाही हे कागदावर आणायचं नाही. बाकी काय वाटेल तो मार्ग काढा. मुळात चार्ज म्हणजे नेमकं काय, ते बघा जरा. शब्दकोश आहे ना आपल्याकडे? त्यात असेल एखादी फट."

हेडक्लार्कने कपाटावरचा शब्दकोश काढला, फुंकर मारली आणि तो मोठ्याने वाचू लागला. "चार्ज. ताबा. भार. जबाबदारी. आकार. आरोप. अंगावर चालून जाणे. बंदुकीत दारू ठासणे. साहेब, अजून अर्धं पान आहे."

"यातलं आपल्या नियमात कुठलं?"

"नियमात नुसतं चार्ज म्हटलंय."

"मॅडम, तुमच्या मते कुठलं?"

"ताबा. आणि ताब्यात घ्यायला वस्तू लागते."

"काका, तुमच्या मते?"

काकांनी थोडा विचार केला. "भार, साहेब," ते म्हणाले. "त्याला वस्तू नसली तरी चालते."

साहेबांनी उगाच टाचणीची डबी उघडून बंद केली. मग हेडक्लार्कने, ज्याच्याकडे प्रत्येक कुलपाची खोटी किल्ली असे, शब्दकोश मिटला आणि तोडगा सांगितला. पंप यादीतून जायला एकच वाट असते. आधी तो बिघडावा लागतो. मग ‘दुरुस्त होण्यापलीकडे’ असा फिटरचा शेरा लागतो. तो आला की पंप भंगारात, आणि भंगार यादीतून बाद.

"म्हणजे मी लिहायचं की पंप बिघडला?" काका म्हणाले. "जो नाही तो बिघडेल कसा?"

"काका, जो नाही तो सात वर्षं उत्तम चालू शकतो, तर एक दिवस बिघडू शकत नाही?"

काका पंपहाऊसमध्ये परत आले, वही उघडली, पेनाचं टोपण काढलं, लावलं, परत काढलं. अर्ध्या तासाने त्यांनी लिहिलं, ‘पंप क्र. ३: सुरू होत नाही.’ लिहून झाल्यावर त्यांनी ते पुन्हा वाचलं आणि त्यांना फार बरं वाटलं. वाक्य शंभर टक्के खरं होतं.

सत्तावीस तारखेला फिटर आला. खांद्याला हत्यारांची पिशवी, कानामागे पेन्सिल. खात्यात त्याची ख्याती होती: एकोणीस वर्षांत एकही तक्रार त्याने दुरुस्तीविना सोडलेली नव्हती.

"काय होतंय याला?" त्याने चौथऱ्याकडे बघत विचारलं.

"सुरू होत नाही."

फिटर चौथऱ्याभोवती दोन फेऱ्या मारून आला. वाकला. बोल्टला कान लावला. मग पिशवीतून पाना काढून त्याने चारही बोल्ट आवळले, त्यांना ग्रीस लावलं, गेजची काच पुसली, आणि तक्रारीच्या कागदावर झरझर लिहिलं: ‘पाहणी केली. बोल्ट आवळले. पंप पूर्ववत.’

"अरे भल्या माणसा!" काकांचा आवाज चढला. "पंप कुठाय इथे?"

"मी कुठे म्हटलं की आहे? पूर्ववत म्हणजे पूर्वी होता तसा. आहे की नाही पूर्वीसारखा?"

"तू ‘दुरुस्त होण्यापलीकडे’ लिही ना. हे काय लिहून बसलास!"

फिटरने पाना पिशवीत टाकला. तो दुखावल्यासारखा दिसला. "काका, तुमची नोंदवही जशी, तशी माझी दुरुस्ती. एकोणीस वर्षांत माझ्या नावापुढे ‘होत नाही’ असं एकदाही लागलेलं नाही. तुमच्यासाठी आता डाग लावून घेऊ?"

काकांनी त्याच्याकडे बघितलं आणि त्यांचा राग जागच्या जागी विरला. समोर त्यांना स्वतःच उभे दिसले, जरा तरुण आणि कानामागे पेन्सिल असलेले.

हा कागद वर गेला आणि तीस तारखेला वरून आदेश आला: दुरुस्तीनंतर पंप क्र. ३ सलग आठ तास चालवून, दर तासाला गेजवरचे आकडे नोंदवून चाचणी अहवाल सादर करावा. आगीतून निघून काका फुफाट्यात पडले. हेडक्लार्कने फोनवर समजावलं, "काका, आठ आकडे तर लिहायचेत. चार पूर्णांक दोन, चार पूर्णांक दोन. एखाद्या ठिकाणी तीन टाका, खरं वाटेल."

काकांनी वही पुढे ओढली. पहिल्या रकान्यात पेन टेकवलं. भिंतीवरचा काटा शून्यावर होता, स्वस्थ, जराही न थरथरता. बावीस वर्षं त्यांनी त्या नसलेल्या पंपाला गप्प बसवून ठेवलं होतं. आता त्याला बोलतं करायचं होतं, आणि ते त्यांच्याने होईना. त्यांनी वही मिटली. घरी येऊन ते पोत्यांच्या मधे बसले.

"मी उद्या जागा सोडत नाही," ते काकूंना म्हणाले. "मॅडम सही करणार नाहीत, आणि त्यांनी करूही नये. तू जा ट्रकने."

काकूंनी हातातली दोरी पोत्याभोवती गच्च आवळली. "बरं," एवढंच म्हणाल्या. त्यांच्या ‘बरं’ची काकांना सगळ्या जगात सगळ्यात जास्त भीती वाटे.

एकतीस तारखेला दुपारी चारला पंपहाऊसमध्ये निरोपाच्या खुर्च्या मांडल्या गेल्या. मोठे साहेब आले, हेडक्लार्क नियमांचं पुस्तक बगलेत मारून आला, फिटरही आला, कारण चहा होता. पण निरोप घेणारा माणूस खुर्चीवर यायला तयार नव्हता. काका निळ्या चौथऱ्यावर बसले होते, चार बोल्टांच्या मधे, वही मांडीवर घेऊन. मॅडम यादी हातात धरून शेजारी उभ्या होत्या.

"सही करून टाका हो," साहेब मॅडमना म्हणाले. "ढालीचा पंप आहे!"

"साहेब, तुम्ही तो बघितलाय का?"

"मी ढाल बघितलीये."

"काका, तुम्ही तरी ते आकडे टाका," हेडक्लार्क म्हणाला. "ती चाचणी झाली की मग पुढचं पुढे बघू."

"नाही," काका म्हणाले. "मी इथेच बसतो. सोमवार किती येतात ते बघतो."

ते गमतीत बोलले असं फिटरला वाटलं आणि तो हसला. बाकी कुणी हसलं नाही.

तेवढ्यात काकू आल्या. ठेवणीतले कपडे, हातात घराची किल्ली. क्वार्टरला कुलूप लावूनच आल्या होत्या. त्यांनी बसलेल्या काकांकडे बघितलं, उभ्या असलेल्या सगळ्यांकडे बघितलं आणि हेडक्लार्ककडे वळल्या.

"मला जरा समजावून सांगा. पंप आहे?"

"नाही, काकू."

"पण त्याचा चार्ज यांच्याकडे आहे."

"आहे."

"तो दुसऱ्या कुणी घेतला नाही तर?"

"तर ज्याच्याकडे आहे त्याच्याकडेच राहतो."

"मग राहू द्या की! कुणाचं काय अडलंय?"

हेडक्लार्क समजुतीने हसला. "तसं होत नाही. चार्ज असलेल्या माणसाला जागा सोडता येत नाही."

"कसली जागा?"

"पंपाची."

"पंपाची जागा हीच का? पंप इथे नाही ना?"

"नाही."

"आमच्या नव्या घरीही नाहीये," काकू म्हणाल्या. "मी सगळ्या खोल्या झाडून आलेय, मला तर दिसला नाही. इथे नसलेला पंप हे इथे बसून सांभाळतात, तर तिथे नसलेला तिथे बसून सांभाळतील. तिथे निदान खिडकी आहे."

साहेबांनी कपाचा कान धरून ठेवला होता, तो तसाच राहिला. मॅडमनी यादी खाली केली. फिटर म्हणाला, "च्यायला!" आणि लगेच जीभ चावली. हेडक्लार्क पुस्तक उघडून पानांवरून बोट फिरवू लागला. बराच वेळ फिरवत राहिला. बोट कुठेच अडखळलं नाही.

"असलेल्या वस्तूबद्दल लिहिलंय, साहेब," शेवटी तो म्हणाला, "नसलेली वस्तू कुठून सांभाळावी, याबद्दल काही नाही."

"म्हणजे पंप यादीतच राहतो?" साहेबांनी विचारलं.

"राहतो."

"ढाल?"

"राहते. आणि चाचणीचं ‘काकांच्या सोयीने’ असं कळवता येईल."

"माझी यादी किती वस्तूंची?" मॅडम म्हणाल्या.

"साठ."

मॅडमनी पेन काढलं आणि तिथेच, काकांच्या मांडीवरच्या वहीचा आधार घेऊन, सही केली. आदेश यादीच्याच मागच्या बाजूला लिहिला गेला: ‘पंप क्र. ३ चा चार्ज पुढील आदेशापर्यंत निवृत्त इन-चार्ज यांच्याकडेच राहील. त्यांनी दरमहा अहवाल पाठवावा.’ साहेबांनी त्याच्यावर इतक्या आनंदाने सही केली की सहीचं शेपूट खालच्या रेघेत गेलं.

काका चौथऱ्यावरून उठले. चहा घेतला, भाषण ऐकलं. सगळे सुटले होते. काकांच्याच चेहऱ्यावर सुटल्यासारखं काही दिसत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आठला ट्रक निघाला. पुढे तिघं बसले. काकू मधे.

नव्या घरात महिना कधी गेला कळलं नाही. नळ गळत होता, काकांनी मिनिटाला थेंब मोजले आणि मग दुरुस्त केला. महिन्याचा शेवटचा दिवस आला तेव्हा जेवण झाल्यावर ते कागद घेऊन बसले. ‘पंप क्र. ३:’ लिहिलं आणि हात सवयीने ‘स्टँ’कडे निघाला. काकांनी तो थांबवला. आता या पंपावर त्यांच्याखेरीज कुणाची सही उरली नव्हती आणि त्यांच्यानंतर कुणी सही करणार नव्हतं. पाया दुसऱ्यांकडे, गेज दुसऱ्यांकडे, यांच्या वाट्याला निव्वळ पंप. वाचवायला कुणी नाही, अडकवायलाही कुणी नाही.

दुपार कलली. काकूंनी दोनदा डोकावून बघितलं. "अहो, एका पंपाचं एवढं काय लिहिताय? तोही नसलेला."

काकांनी कागद त्यांच्यापुढे केला. ‘पंप क्र. ३: नाही. मी चार्ज घेतला त्या दिवशीही नव्हता. तरी सही केली, ती माझीच.’

काकूंनी तो वाचला, परत दिला, आणि पोस्टाचं तिकीट शोधायला गेल्या.

कागद पोस्टात पडला. त्यानंतर काका रोज सकाळी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून बसत. चौकशीला बोलावतील, तेव्हा धावपळ नको म्हणून. बारा दिवसांनी पाकीट आलं. काकांनी ते कात्रीने सरळ रेषेत कापलं, चष्मा लावला आणि खिडकीशी उभे राहून वाचलं.

‘आपला मासिक अहवाल मिळाला. पंप क्र. ३ ची स्थिती मागील महिन्याप्रमाणेच असल्याचे दिसून येते. देखभाल समाधानकारक.’

त्यांनी ते तीनदा वाचलं. आधी त्यांचे कान तापले. मग खांदे हलू लागले. काकू भाजी ढवळायची सोडून धावत आल्या, की यांना काय होतंय? काका हसत होते. आवाज न करता, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

हसून झाल्यावर त्यांनी चष्मा पुसला, खुर्ची ओढली आणि कोरा कागद घेतला.

"आता काय?" काकू म्हणाल्या.

"चूक आहे त्यांच्या पत्रात. ‘मागील महिन्याप्रमाणेच’ कसं? ‘मागील बावीस वर्षांप्रमाणेच’ हवं. कळवायला नको?"

"अहो, तुम्ही निवृत्त झालात ना?"

"साठ वस्तूंतून," काका म्हणाले, आणि त्यांनी तारीख टाकली.